फळ न कापता आतली वाढ मोजताना: संत्री-मोसंबीसाठी एमआरआय

प्रश्न असा आहे: संत्री आणि मोसंबीच्या फळांची आतली वाढ, फळधारणेपासून पक्वतेपर्यंत, एमआरआयने पाहायची आहे. रुग्णालयातले ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय शक्तीचे एकक) यंत्र ठरावीक दिवसांनी वापरायला मिळणार आहे. कोणत्या सेटिंग्ज लावाव्यात, किती बारीक दिसेल, आणि सालीची जाडी, रस, साखर यांचे आकडे प्रतिमांतून काढता येतील का?

सालीची जाडी, फोडींचे आकारमान, बिया आणि आतल्या पोकळ्या चांगल्या मोजता येतात. रसपिशव्या भरत चालल्या आहेत की सुकत आहेत हेही कळते. साखर मात्र थेट कळत नाही, आणि या कामातली निम्मी चुकीची अनुमाने तिथेच निघतात.

सुंदर चित्र मिळणे ही यातली सर्वांत सोपी गोष्ट. १९७० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात हे तंत्र आकार घेत होते, तेव्हा नमुना म्हणून लिंबू वापरले गेले ते उगाच नव्हे. आतली रचना चाकासारखी नियमित, पाणी भरपूर, आणि फळ श्वास रोखून धरायला सांगावे लागत नाही. अवघड आहे ते दहाव्या आठवड्याचा आकडा विसाव्या आठवड्याच्या आकड्याशेजारी निर्धास्तपणे ठेवता येणे. पुढचे सगळे त्यासाठीच आहे.

आधी काय दिसते ते. सिग्नल जवळजवळ सगळा पाण्यातल्या प्रोटॉनचा असतो. रसपिशव्यांत मोकळे पाणी भरपूर, त्यामुळे त्यांचा टी-२ (सिग्नल विरून जायला लागणारा काळ) लांब असतो आणि टी-२ भारित, म्हणजे या फरकावर बेतलेल्या, चित्रात त्या उजळ दिसतात. सालीचा वरचा रंगीत थर, म्हणजे फ्लॅव्हेडो, मध्यम उजळ. त्याखालचा पांढरा स्पंजासारखा अल्बेडो काळपट दिसतो. त्यात पाणी कमी आहे हे एक कारण, पण पेशींमधल्या हवेच्या फटी चुंबकीय क्षेत्र स्थानिक पातळीवर विस्कटतात हे मोठे कारण. फोडींचे पापुद्रे बारीक काळ्या रेघांसारखे दिसतात. जाड वाहिन्या अल्बेडोच्या काळ्या पार्श्वभूमीवर उजळ ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. रसपिशवीच्या आत वाहिनी नसते. वाहिन्या फोडीच्या बाहेरून जातात आणि साखर पिशवीच्या बारीक देठातून पेशीपेशीने आत झिरपते. म्हणून पिशवीत वाहिनी शोधत बसू नका. तिथे दिसणारी रेघ बहुतेक वेळा दोन पिशव्यांमधली फट असते.

वाढीचे तीन टप्पे संशोधक बेन यांनी १९५८ मध्ये व्हॅलेन्शिया संत्र्यावर मांडले. पहिल्यात पेशीविभाजन जोरात असते आणि फळाची वाढ मुख्यतः सालीची असते. दुसऱ्यात रसपिशव्या फुगतात, साल ताणली जाऊन पातळ होते. तिसऱ्यात आकारवाढ मंदावते, आम्ल घटते, साखर वाढते. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याला एकच सेटिंग चालत नाही. १० मिमी व्यासाच्या फळाला ०.१ मिमीच्या आसपासचा व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन) लागतो, ०.५ मिमीच्या व्हॉक्सेलपेक्षा तो १२५ पट लहान, म्हणजे सिग्नलही १२५ पट कमी. सरासरी घेऊन हे भरून काढता येत नाही, कारण सिग्नल-नॉइज गुणोत्तर दुप्पट करायलाच चौपट वेळ लागतो. तेव्हा १५-२० मिमीपर्यंतची फळे ९.४ टेस्लासारख्या सूक्ष्मप्रतिमा यंत्रावर, २५ ते ३० मिमीच्या प्रोबमध्ये (नमुना ठेवायच्या नळीत) करावीत. १५ मिमीचे दृश्यक्षेत्र (चित्रात येणारी रुंदी) आणि २५६ चा मॅट्रिक्स (त्या रुंदीचे २५६ भाग) घेतला तर पिक्सेल सुमारे ५९ मायक्रोमीटरचा होतो. बीजांडे, फोडींच्या पोकळ्या आणि त्यांच्या भिंतींवरून आत वाढणाऱ्या कोवळ्या पिशव्या दिसू लागतात. रुग्णालयाचे यंत्र फळ ३० मिमीच्या पुढे गेल्यावर कामाला घ्या.

मोठ्या फळासाठी ताकदीचे यंत्र नेहमीच चांगले, असे नाही. पाण्यात रेडिओलहरीची लांबी हवेतल्यापेक्षा जवळपास नऊ पट आखूड होते. ३ टेस्लावर ती सुमारे २६ सेंमी असते, ७ टेस्लावर सुमारे ११ सेंमी. ११ सेंमीचे ग्रेपफ्रूट ७ टेस्लात ठेवले तर पूर्ण एक लहर फळातच मावते आणि मध्यभाग विनाकारण उजळतो किंवा काळवंडतो. तो गाभ्याचा गुणधर्म समजून कोणी त्यावर निष्कर्ष काढू नये. ७ सेंमीच्या फळाला ३ टेस्ला हे उत्तम माप आहे.

कॉईल, म्हणजे सिग्नल टिपणारे तारेचे वेटोळे, फळाला जेवढी जवळ तेवढे बरे. संत्र्याला मनगटाची कॉईल, मोसंबी आणि ग्रेपफ्रूटला गुडघ्याची. रुग्णालयाच्या यंत्रात एकटे २०० ग्रॅमचे फळ ठेवले की सुरुवातीची आपोआप होणारी जुळवणी बऱ्याचदा फसते, कारण कॉईलवर माणसाच्या अवयवाएवढा भार पडत नाही. शेजारी अर्धा-एक लिटर मिठाच्या पाण्याची बाटली ठेवा. ती फेज दिशेच्या (चित्र मोजण्याच्या दोन दिशांपैकी एक, दुसरी फ्रिक्वेन्सी) आड न येणाऱ्या बाजूला असावी, नाहीतर तिचे प्रतिबिंब दुमडून फळावर पडते. फळ फोमच्या खाचेत घट्ट बसवा आणि वरून पातळ पिशवी घाला. टेबलावर रस सांडला तर पुढच्या वेळी यंत्र मिळत नाही.

आता फळ कसे ठेवायचे. याकडे फार कोणी लक्ष देत नाही. एकसंध गोलाला एकसारख्या क्षेत्रात ठेवले तर आतले क्षेत्र एकसारखेच राहते, म्हणून बाहेरच्या हवेचा त्रास गोल फळाला फारसा होत नाही. त्रास देते ती आतली हवा. सैल सालीच्या संत्र्याचा मधला अक्ष पोकळ असतो. हवा आणि पाण्याच्या चुंबकीय ग्रहणशीलतेत (क्षेत्रात पदार्थ किती चुंबकित होतो त्या मापात) सुमारे ९.४ पीपीएमचा (दशलक्षांशांचा) फरक आहे. ३ टेस्लावर तो सुमारे १,२०० हर्ट्झ भरतो. ही नळीसारखी पोकळी क्षेत्राला आडवी राहिली तर तिच्या काठावर या फरकाच्या निम्म्यापर्यंत विचलन होते. प्रतिपिक्सेल १०० हर्ट्झची बँडविड्थ (एका पिक्सेलच्या वाट्याची वारंवारतेची रुंदी) असेल तर काठ सहा पिक्सेल सरकतो. तीच पोकळी क्षेत्राला समांतर ठेवली तर लांब नळीचा परिणाम बाहेर जवळजवळ शून्य होतो, फक्त दोन टोकांना राहतो. म्हणून देठ ते फुलाकडचे टोक हा अक्ष यंत्राच्या बोगद्याच्या, म्हणजे क्षेत्राच्या, दिशेने ठेवा, दर वेळी, आणि देठाची बाजू नेहमी एकाच टोकाला. बाजू ओळखायला देठाजवळ पाण्याची बारीक नळी चिकटवा. तेलाची कॅप्सूल चालते, पण तेलाचा सिग्नल थोडा सरकून दिसतो हे लक्षात असू द्या.

तापमान हे दुसरे दुर्लक्षित प्रकरण. पाण्याचा टी-१ (सिग्नल पुन्हा तयार व्हायला लागणारा काळ) आणि विसरणांक (रेणू पसरण्याच्या वेगाचे माप) दोन्ही प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण २ टक्क्यांनी बदलतात. शीतगृहातून काढलेले फळ तासाभरात मोजायला घेतले तर बाहेरचा भाग खोलीच्या तापमानाला आणि गाभा थंड, आणि चित्रात साल ते गाभा असा सुरेख उतार दिसतो, जो वाढीशी काडीमात्र संबंधित नसतो. ७ सेंमीच्या फळाला स्थिर हवेत गाभ्यापर्यंत जुळायला चार-पाच तास लागतात. हलत्या पाण्यात तासाभरात काम होते, पण देठाच्या जोडातून पाणी आत शिरू शकते, म्हणून पिशवीत घालूनच बुडवा. सर्वांत सोपे म्हणजे आदल्या रात्री फळे यंत्राच्या खोलीत ठेवणे. मात्र बंद पिशवीत, कारण तोडलेले फळ सालीतून पाणी गमावते आणि पहिला फटका अल्बेडोला बसतो. मोजणीआधी आणि नंतर वजन करा, ०.५ टक्क्याहून जास्त घट असेल तर सालीच्या जाडीचा आकडा संशयित समजा.

पहिली मोजणी त्रिमितीय ग्रेडियंट-एको (झटपट, पण हवेने विस्कटलेले क्षेत्र जाणवणारी पद्धत) असावी: ९६ मिमीचे घनाकार दृश्यक्षेत्र, १९२ × १९२ × १९२, म्हणजे ०.५ मिमीचा व्हॉक्सेल. टीआर (दोन उत्तेजनांमधला वेळ) १२ मिलिसेकंद, टीई (उत्तेजनापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) शक्य तेवढा कमी, कलनकोन (रेडिओपल्सने चुंबकन कलते तो कोन) ६ ते ८ अंश. वेळ साडेसात मिनिटांच्या आत. टीआर एवढा आखूड आणि रसाचा टी-१ सुमारे दोन सेकंद, म्हणून याहून मोठा कोन ठेवल्यास सिग्नल घटतो. मेंदूच्या सेटिंगमधला २०-२५ अंशांचा कोन तसाच उचलू नका. या मोजणीतून फळाचे एकूण आकारमान, अक्ष आणि खरी विषुववृत्तीय पातळी ठरवा. ती डोळ्यांनी न ठरवता, अक्षाला लंब असलेल्या सगळ्या छेदांत ज्याचे क्षेत्रफळ सर्वाधिक तो निवडा.

सालीची जाडी मात्र याच चित्रावरून काढू नका. ग्रेडियंट-एकोत हवेभोवतीचा काळा भाग टीई वाढेल तसा फुगतो. सैल सालीच्या फळात पिकताना साल आणि गर यांमध्ये फट पडते, तीही अशा चित्रात खऱ्यापेक्षा रुंद दिसते. जाडीसाठी स्पिन-एकोवर (क्षेत्राचे विस्कटणे भरून काढणाऱ्या पद्धतीवर) आधारलेली टी-२ भारित मोजणी लावा: दृश्यक्षेत्र १०० मिमी, मॅट्रिक्स ३८४, पिक्सेल ०.२६ मिमी, स्लाइसची (छेदाची) जाडी १.५ ते २ मिमी, टीआर ४,००० ते ५,००० आणि टीई ८० ते १०० मिलिसेकंद. एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते एका हिशोबातून कळेल. ७० मिमीच्या गोल फळाला ४ मिमी साल असेल तर आकारमानात सालीचा वाटा सुमारे ३०.५ टक्के येतो. सीमारेषा फक्त ०.५ मिमी आत ओढली गेली तर तोच वाटा ३३.८ टक्के होतो. दोन वाणांमधला किंवा दोन आठवड्यांमधला सगळा फरक या तीन टक्क्यांत लपू शकतो. त्यामुळे सीमारेषा कोणत्या उजळपणाला आखायची तो नियम पहिल्याच दिवशी ठरवावा आणि शेवटपर्यंत बदलू नये. नियम रसाच्या आणि अल्बेडोच्या सरासरी उजळपणाच्या मध्यावर असा सापेक्ष ठेवा. उजळपणाचा निरपेक्ष आकडा कॉईल, भार आणि फळाचा आकार यांनुसार बदलतो. त्याची तारखातारखांत तुलना करणे निरर्थक आहे.

सालीच्या बाहेरच्या कडेला आणखी एक फसवणूक आहे. फ्लॅव्हेडोतल्या तेलग्रंथींत मुख्यतः लिमोनीन असते आणि त्याच्या मिथाइल गटांचा सिग्नल पाण्यापासून सुमारे ३ पीपीएम दूर येतो. ३ टेस्लावर हे अंतर ३८० हर्ट्झच्या आसपास. प्रतिपिक्सेल २०० हर्ट्झ असेल तर तेल सुमारे दोन पिक्सेल, म्हणजे ०.५ मिमी, सरकून दिसते. एका बाजूला साल जाड आणि समोरच्या बाजूला पातळ दिसली की आधी हेच तपासा: फ्रिक्वेन्सी आणि फेज दिशा अदलाबदल करून पुन्हा घ्या. जाडपणा दिशेबरोबर फिरला तर तो तेलाचा आहे. फॅट सप्रेशन (तेलाचा सिग्नल दाबणारी सेटिंग) लावून हे पूर्ण मिटत नाही, कारण लिमोनीनचे काही प्रोटॉन पाण्याच्या अगदी शेजारी सिग्नल देतात. बँडविड्थ वाढवणे हा जास्त खात्रीचा उपाय. थोडा नॉइज वाढेल, तो सोसावा.

बियांसाठी वेगळी मोजणी लागत नाही. उजळ रसात त्या काळ्या किंवा करड्या दिसतात. २ मिमीच्या स्लाइसमध्ये चपट्या, न भरलेल्या बिया सुटतात, म्हणून बिया त्रिमितीय संचावर मोजा आणि तीनही दिशांनी पाहा. पापुद्र्यांचा जोड बी समजला जाणे ही नेहमीची चूक. बीला सगळ्या बाजूंनी शेवट असतो, पापुद्रा पुढच्या छेदातही चालू राहतो.

आता टी-२ चे मापन, म्हणजे ज्यासाठी बहुतेकांना एमआरआय हवा असतो. रुग्णालयाच्या यंत्रावरचे तयार बहु-एको मापन (एको म्हणजे पुन्हा उमटणारा सिग्नल) सांधे किंवा हृदयासाठी बेतलेले असते: आठ एको, शेवटचा ८०-९० मिलिसेकंदांना. पिकत्या रसपिशव्यांचा टी-२ शेकडो मिलिसेकंद असतो. ८० मिलिसेकंदांत त्याची उतरंड जेमतेम सुरू होते, आणि सॉफ्टवेअर तरीही दोन दशांशांपर्यंत आकडा देते. किमान ३२ एको, २० मिलिसेकंदांच्या अंतराने घ्या. शेवटचा एको ६४० ला येईल. टीआर ४ सेकंद आणि १९२ फेज ओळी धरल्या तर १२ मिनिटे ४८ सेकंद लागतात. एकच स्लाइस, विषुववृत्तीय. अनेक स्लाइस घेतल्यास शेजारच्या स्लाइसचे पल्स एकमेकांत मिसळतात. १८० अंशांचे पल्स कधीच नेमके १८० नसतात, त्यामुळे दुसऱ्या एकोपासून पुढे उत्तेजित एको (अपुऱ्या पल्समुळे उमटणारे जादा सिग्नल) मिसळतात आणि पहिला एको वक्राच्या खाली राहतो. पहिला एको गाळून वक्र बसवणे ही किमान काळजी. पल्समधली चूक धरून बसवणारे सॉफ्टवेअर असेल तर आणखी चांगले. अल्बेडोत शेवटचे एको नुसता नॉइज असतात आणि परिमाण-प्रतिमेत (फक्त सिग्नलची तीव्रता दाखवणाऱ्या चित्रात) नॉइज शून्यावर न जाता एका पातळीवर टेकतो. ते बिंदू ठेवले तर अल्बेडोचा टी-२ खोटा लांब येतो. नॉइजच्या पाचपटीखालचे बिंदू टाकून द्या.

एकोंमधले अंतर एकदा ठरले की हंगामभर तेच. रसातल्या साखरेच्या हायड्रॉक्सिल गटांशी पाण्याचे प्रोटॉन सतत अदलाबदल करतात, आणि अंतर बदलले की त्या अदलाबदलीचा टी-२ वरचा परिणाम बदलतो. दुसऱ्या चुंबकीय शक्तीच्या यंत्रावर घेतलेल्या आकड्यांशी तुलना याच कारणाने जपून करावी.

याच अदलाबदलीत साखरेच्या प्रश्नाचे उत्तर आहे. साखर वाढली की टी-२ घटतो, हे द्रावणात खरे. पण अदलाबदलीचा वेग सामूवर (पीएचवर) ठरतो, आणि फळ पिकताना आम्ल घटत असल्याने सामूही सरकतो. त्यात रसपेशी फुगत असतात. रिक्तिका (पेशीतली रसाची पोकळी) मोठी झाली की पाण्याचा भिंतींशी संपर्क कमी होतो आणि टी-२ वाढतो. तीन कारणे, दोन दिशा, आकडा एक. दुसऱ्या टप्प्यात पेशी फुगण्याचा परिणाम वरचढ ठरू शकतो, तिसऱ्यात साखरेचा. म्हणून टी-२ वरून ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचे माप) सांगणारे सूत्र एका टप्प्यात, एका वाणात जमले तरी पुढच्या टप्प्यात त्यावर विसंबू नका. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी सत्सुमा संत्र्याच्या वाढीचा परिमाणात्मक एमआरआय अभ्यास प्रसिद्ध केला. असे काम हाती घेणाऱ्याने तो वाचून ठेवावा.

टी-२ जिथे खरा उपयोगी पडतो ती जागा म्हणजे एकाच फळाच्या आतली तुलना. देठाकडच्या पिशव्या कोरड्या, दाणेदार होऊ लागल्या की त्यांच्या पेशीभित्ती जाड होतात, मोकळा रस घटतो, आणि फुलाकडच्या निरोगी पिशव्यांच्या तुलनेत तिथला टी-२ उतरतो. तापमान, पल्स, कॉईल सगळे दोन्ही भागांना सारखेच, त्यामुळे गुणोत्तर विश्वासार्ह. त्यासाठी विषुववृत्ताशिवाय अक्षाच्या पातळीतलीही एक स्लाइस घ्या.

प्रत्येक मोजणीत फळाशेजारी मँगनीज क्लोराइडच्या तीन नळ्या ठेवा: ०.०२, ०.०५ आणि ०.१ मिलीमोल प्रतिलिटर. ३ टेस्लावर त्यांचा टी-२ ढोबळमानाने ४५० ते १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यात पडतो. नळीत बुडबुडा नको, झाकण घट्ट हवे. नळ्यांचा आकडा एखाद्या दिवशी ५ टक्क्यांहून जास्त हलला तर त्या दिवशीचे फळांचे आकडे तापमान आणि जुळवणी तपासल्याशिवाय आलेखात घालू नका.

विसरण मापनाचा मोह फार होतो, फायदा कमी. ५० मिलिसेकंदांत पाण्याचा रेणू एका दिशेने साधारण १४ मायक्रोमीटर सरकतो, आणि फुगलेली रसपेशी त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे बहुतेक रेणूंना भिंत लागतच नाही. तुम्ही मोजता ती जवळजवळ रसाची दाटी. तरी करायचेच तर बी मूल्य (विसरणाचा परिणाम किती ठळक करायचा ते ठरवणारी सेटिंग) ८०० सेकंद प्रति चौरस मिमीच्या वर नेऊ नका, तिथेच सिग्नल पाचव्या हिश्शावर येतो. आणि एको-प्लॅनर ही झटपट चित्रे घेणारी पद्धत टाळा. अल्बेडोतल्या हवेमुळे फळ चंद्रकोरीसारखे वाकडे दिसते.

सायट्रिक आम्ल आणि साखर खरोखर पाहायची असतील तर स्पेक्ट्रोस्कोपीकडे (रासायनिक घटकांचे सिग्नल वेगळे करणाऱ्या पद्धतीकडे) जावे लागते. आम्लाचे सिग्नल २.५ ते ३ पीपीएममध्ये येतात, साखरेचे मुख्यतः ३.२ ते ४.२ मध्ये, काही पाण्याच्या सिग्नलजवळ. व्हॉक्सेल एकाच फोडीच्या मधोमध, पापुद्रे आणि बी टाळून बसवा. इथे मात्र एका वेळी एकच फळ. प्रतिमांसाठी गुडघ्याच्या कॉईलमध्ये चार संत्री एकदम ठेवून वेळ वाचवता येतो, पण शेजारच्या फळाचे क्षेत्र पाऊण पीपीएमपर्यंत विचलन घडवते आणि शिमिंग (क्षेत्र एकसारखे करण्याची जुळवणी) बिघडते.

झाडावरचे फळ तसेच मोजता आले तर उत्तम, कारण तेच फळ पुन्हा पुन्हा पाहता येते आणि फळाफळांतला फरक गणितातून निघून जातो. त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाने ०.२ टेस्लाचे फिरते यंत्र वापरून झाडावरच्या नाशपातीचा असाच पाठपुरावा केला. आडव्या बोगद्यात कुंडीतले झाड आडवे करून नेणे शक्य असते, पण फळाचा देठ पिळला गेला तर आठवडाभरात फळ गळते. कुंडीतली लोखंडी तार, स्टेपलची पिन, धातूचे लेबल हे सगळे आधी काढा. लोहकण असलेली माती कॉईलपासून जितकी दूर तितकी बरी.

ते जमत नसेल तर फुलोऱ्याच्या वेळी एकाच दिवशी उमललेल्या फुलांना खुणा बांधा आणि दर खेपेला त्यातली १० ते १२ फळे, निरनिराळ्या झाडांवरची, तोडा. खुणा गरजेपेक्षा तिप्पट-चौपट बांधा, कारण सुरुवातीच्या गळतीत बरीच जातात. विश्लेषणात एकक फळ आहे. एका फळातले पाच हजार पिक्सेल म्हणजे पाच हजार नमुने नव्हेत.

तोडलेले फळ मोजणीनंतर फेकू नका. देठाजवळच्या खुणेवरून तीच विषुववृत्तीय पातळी गाठून धारदार सुरीने कापा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, सालीची जाडी चार ठिकाणी कॅलिपरने घ्या. मग फोडींचा रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स आणि टायट्रेशनने आम्लता मोजा. देठाकडचा आणि फुलाकडचा अर्धा वेगवेगळा. कापताना अल्बेडो दाबला जातो, त्यामुळे कॅलिपरचा आकडा प्रतिमेपेक्षा किंचित कमी येणे अपेक्षित आहे. तो सातत्याने जास्त येत असेल, तर प्रतिमेवर आखलेली सीमारेषा चुकली आहे.